मुंग्या मनगटाशी आल्या तेव्हा

वडील पाणीपुरवठ्यात रोजंदारीवर होते आणि आमच्या घरी नळ नव्हता. उस्मानपुऱ्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली, तिच्यात आम्ही पाच माणसं. रस्ता खोदून फुटलेली लाइन उघडी करायची, गळती बुजवायची आणि वर माती ओढायची, हे दादांचं काम. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दिवसभर चिखलात उभं राहून ते घरी आले की आई त्यांच्यापुढं पाय धुवायला तांब्याभर पाणी ठेवायची. तांब्याभरच. बाकीचं रांधायला. ते पाणी ती दोन गल्ल्या पलीकडच्या बंगल्यावरून आणायची, तिथली धुणीभांडी उरकली की. बंगल्याची बाई चांगली होती, पण पाणी देताना घागरीकडं बघायची. आई त्या बघण्याला घाबरून घागर कधी काठोकाठ भरायची नाही.

मी कशी शिकले, कुठल्या वसतिगृहात राहिले, किती वेळा शिक्षण सुटता सुटता राहिलं, ते इथं सांगत बसत नाही. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ह्याचा मला अभिमान आहे. तो मी लपवत नाही.

एक दृश्य मात्र अजून झोपेत येतं. पहाट आहे, रस्ता मोकळा आहे. दादा लोखंडी कांब घेऊन पुढं चालताहेत. मधेच थांबतात, कांबीचं एक टोक जमिनीला टेकवतात, दुसरं कानाला लावतात आणि डोळे मिटतात. जमिनीखाली पाणी कुठून निसटतंय ते ऐकतात. मी शेजारी उभी. मला काहीच ऐकू येत नाही. जरा वेळानं दादा डोळे उघडतात, "इथं हाय," म्हणतात, आणि मला जाग येते.

मी रक्तवाहिन्या शिवते. कुणी विचारलं की असंच सांगते. 'व्हॅस्क्युलर सर्जन' म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि मग हळूच विचारतो, "म्हणजे हार्टचं का?" नाही, हार्टचं नाही. हृदयातून निघालेलं रक्त पुढं ज्या ज्या वाटेनं जातं, त्या वाटांचं. आणि त्यातही माझ्या वाट्याला जास्त आले ते हात. आमच्या भागात मळणी यंत्रं आहेत, वाळूजच्या कारखान्यांत प्रेस मशिनी आहेत, पतंगाचा मांजा आहे, घाटात उलटणाऱ्या रिक्षा आहेत. हात कापायला निमित्त कमी नाही.

तुमच्या दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराच्या थोडं वर, दोन बोटं दाबून बघा. काहीतरी उडतंय ना? ती धमनी. पेनातल्या रिफिलीपेक्षा जराशी जाड. कोपराखालचा सगळा हात तिच्या जिवावर. ती तुटली की हात आधी पांढरा पडतो, मग गार होतो, मग दुखायचा थांबतो. दुखायचा थांबला की घरच्यांना बरं वाटतं आणि आम्ही ऑपरेशनची घाई करतो. पहिल्या काही तासांत रक्त परत मिळालं तर हात उठतो. त्यानंतर आतलं मांस मरायला लागतं, आणि मेलेल्या मांसात रक्त सोडून काही होत नाही.

एका लग्नात नवरीच्या मामानं डीजेवरून झालेल्या भांडणात हॉलच्या काचेच्या दारावर ठोसा हाणला होता. धमनी तुटलेली, कोट रक्तानं भिजलेला, डोक्यावर फेटा तसाच. भूल द्यायच्या आधी मला म्हणतो कसा, "म्याडम, लवकर आटपा. मंगलाष्टकाला मामा लागतो उभा राहायला."

आमच्या थिएटरच्या काळे सिस्टर फेटा सोडत म्हणाल्या, "मामा, मग दाराला कशाला मारलं? डीजेवाल्याला हाणायचं की."

"सिस्टर, तो लई धिप्पाड व्हता."

मामा बरा झाला. मंगलाष्टकं त्याच्याविनाच झाली, त्याचं त्याला हातापेक्षा जास्त दुःख होतं.

अजिंठ्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा हात मात्र मला वाचवता आला नाही. कडबा कुट्टीच्या यंत्रात सापडलेला. घरच्यांनी दंडाला नायलॉनची दोरी करकचून आवळली आणि तीच तशी ठेवून आधी गावात, मग तालुक्याला, मग आमच्याकडं आणलं. माणसाला हिंडवता हिंडवता वेळ संपला होता. हात काढावा लागला. नंतर ते एवढंच म्हणाले, "बाई, गाईच्या पाठीवर आता कुठल्या हातानं थाप मारू? तिला उजव्याची सवय हाय." तेव्हापासून मी दिसेल त्याला सांगते. जखमेवर स्वच्छ कापड ठेवा, तळहातानं दाबून धरा, आणि सरळ मोठ्या दवाखान्याची वाट धरा. मधे कुठं थांबू नका.

पण मला सांगायचं आहे ते युसूफभाईंचं.

युसूफभाई नानवाले. आमच्या शहरात लग्नकार्याला नान-कलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, लागतो, आणि नान घरी होत नाही, तो भट्टीवरूनच येतो. जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी खोल भट्टी, तळाशी निखारे, आणि बाजूच्या भिंतीला आतून नान थापायचा. बाकीचे लोक हातात कापडाची गादी घेऊन थापतात. युसूफभाईंच्या घरची रीत निराळी. पाण्यात बुडवलेला उघडा हात, त्यावर नान, हात खांद्यापर्यंत आत, थाप मारली की बाहेर. भट्टी तापली की नाही ते कळायलाही हाच हात. आणि एक रीत अशी की भट्टी पेटली की पहिला नान उस्तादानंच स्वतःच्या हातानं लावायचा. तो विकायचा नाही, दारात येईल त्याला द्यायचा.

दुपारची वेळ होती. लग्नसराईचे दिवस. दुकानातलं काचेचं कपाट सरकवताना ते अंगावर आलं आणि काचेची पात उजव्या दंडात आतल्या बाजूनं घुसली. त्यांना आणलं तेव्हा दंडावर ओढणी गुंडाळलेली होती. ती सोडली तर आत रक्त नाही, पांढरं काहीतरी. काळे सिस्टरनी वाकून बघितलं.

"म्याडम, पीठ हाय. फुगायलंय."

खरंच फुगत होतं. खमीर घातलेलं, मळून ठेवलेलं नानचं पीठ. अंगाच्या उबेनं जखमेत वर आलं होतं. युसूफभाईंची बायको, रेहानाबी, दाराशी उभी होती. तिचे कोपरापर्यंत हात पिठाचे आणि रक्ताचे.

"खून रुकताच नई था," ती म्हणाली. "हमारे में जला, कटा, आटाच थोपते. मैंने थोप के कस के पकड्या. पूरे रस्ते छोड्या नई."

पीठ थोपायला नको होतं. पण पकडून ठेवलं ते बरोबर होतं. तिच्या त्या दोन हातांमुळं माणूस जिवंत पोचला होता. मी दोन्ही गोष्टी तिला तिथंच सांगितल्या. तिनं पहिली ऐकली नाही, दुसरी ऐकून रडायला लागली.

युसूफभाईंचा हात गार होता, मनगटाला नाडी नव्हती. अंगठा आणि पहिली दोन बोटं बधीर. म्हणजे धमनीच्या शेजारून जाणारा मज्जातंतूही कापला होता. त्यांचा चेहरा मैद्यासारखा पांढरा, पण बोलणं शुद्धीवर.

"म्याडम, एक बात. रख्या तो काम का हात रखो. दिखाने का हात नको मेरेकू."

मी म्हणाले, "आधी जिवंत तर ठेवते."

"वो तो आपका काम है. मैं मेरे काम का बोलरा."

पिठाचा शेवटचा कण जखमेतून धुऊन काढायला काळे सिस्टरना फार वेळ लागला. तुटलेल्या धमनीची दोन्ही टोकं आखडून आत शिरतात, गोगलगाय शिंगं ओढून घेते तशी. ती शोधली, चिमटे लावले, टोकाला इवला फुगा असलेली नळी घालून आत गोठलेलं रक्त ओढून काढलं. मधला तुकडा चिरडलेला होता. तो कापून टाकला की दोन टोकं एकमेकांना पोचत नाहीत. मग घोट्याजवळची एक शीर काढून मधे जोडायची. पाय तिच्यावाचून चालतो. मात्र ती उलटी लावावी लागते. शिरेच्या आत झडपा असतात, रक्ताला एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या. सुलटी लावली तर झडपा मिटतात आणि रक्त अडतं. मी नवी नवी होते तेव्हा हे दादांना सांगितलं होतं. ते स्वतःच्या पायाकडं बघत म्हणाले, "माझ्या अंगात व्हॉल्व्ह हायेत आणि मला म्हाईत नाय!" त्या दिवशी ते भेटेल त्याला पोटरी दाखवत होते.

टाके केसाहून बारीक धाग्याचे. डोळ्यांवर भिंगांचा चष्मा असतो, त्या भिंगातून तेवढाच एक गोल दिसतो आणि बाकीचं जग विरघळून जातं. वेळ जातो का थांबतो, कळत नाही. मला अशा वेळी पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं. वर कुणीतरी बोलतंय, कात्री मागतंय, मशीन टिकटिकतंय, आणि मी खाली, एका निवांत, लालसर उजेडात, टाक्यामागून टाका घालत बसलेली. भीती असते, पण तीही पाण्यावर, लांब.

मग चिमटे सोडायचे.

हे मी आयुष्यभर बघत आले आणि अजून सवयीचं झालेलं नाही. आधी काही होत नाही. मग दंडाखाली कुठंतरी गुलाबी सावली येते. ती कोपरावरून उतरते, मनगटाशी थबकते, तळहातात पसरते, आणि एकेका बोटात शिरून नखांखाली जाऊन बसते. मी मनगटावर यंत्राची कांडी ठेवली. तिच्यातून रक्ताचा आवाज ऐकू येतो. लांब कुणीतरी अंगणात बसून सुपानं ज्वारी पाखडतंय, असा. हूश्श. हूश्श. हूश्श. मी डोळे मिटून ऐकत राहिले.

"इथं हाय," मी म्हणाले.

"काय म्हणालात म्याडम?" काळे सिस्टर.

"काही नाही."

मज्जातंतू आमच्या प्लॅस्टिक सर्जननं जोडला. पण तंतू जोडणं आणि धमनी जोडणं ह्यात फरक आहे. धमनी जोडली की रक्त लगेच धावतं. तंतू जोडला तरी जखमेच्या खालचे त्याचे धागे मरून जातात आणि वरून नवे धागे बोटांकडं वाढायला लागतात, रोज जेमतेम ज्वारीच्या कणीएवढे. दंडापासून बोटांपर्यंत पोचायला वर्ष सरतं, कधी जास्त. कधी वाटेतच थांबतात. तोवर हात असतो, गरम असतो, नाडी असते. फक्त त्याला काही कळत नाही.

हे मी युसूफभाईंना घरी सोडताना सांगितलं. रेहानाबीला सांगितलं. चुलीपासून लांब राहायचं, गरम गिलास उजव्या हातात धरायचा नाही, दिवसातून चारदा हात डोळ्यांनी तपासायचा. दोघांनी माना डोलावल्या.

टाके सुकले आणि युसूफभाई भट्टीवर गेले. लग्नाची मोठी ऑर्डर होती. नान त्यांचा भाऊ लावणार होता, पण पहिला नान उस्तादाचा. हात चालतोय, नाडी उडतेय, मग पहिल्या नानाला काय हरकत? त्यांनी हात पाण्यात बुडवला, नान घेतला आणि आत घातला. नान भिंतीला नीट लागला नाही म्हणून दाबून धरला. दाबून धरलेलाच राहिला.

रेहानाबी नान मोजायचं सोडून ओरडली, "हात निकालो!"

युसूफभाईंनी शांतपणे विचारलं, "कायकू?"

तर्जनीचं टोक गेलं. तळहात भाजला. मी त्यांच्यावर अशी ओरडले की बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले.

"नाडी लागते म्हणून हात आगीत घालायचा?"

"नाडी है तो हात जिंदा है ना, म्याडम?" ते म्हणाले. वाद घालत नव्हते, खरंच विचारत होते. "आपनेच बोल्या, देखो युसूफभाई, हात जिंदा हो गया."

मी तसं म्हणाले होते. आम्ही सगळेच म्हणतो. आमच्या धंद्यात नाडी लागली की टाळी वाजते, आणि आमचं काम तिथं संपतं. त्यांचं काम नाडीशी सुरूही झालेलं नव्हतं.

त्यानंतर ते दर महिन्याला येत राहिले. मी दंडापासून खाली बोटानं टिचकी मारत यायची. एका ठिकाणी टिचकी बसली की त्यांना अंगठ्यात आणि बोटांत मुंग्या यायच्या. ती जागा म्हणजे वाढत्या तंतूचं टोक. प्रत्येक खेपेला टोक थोडं खाली सरकलेलं. बाकावरच्या लोकांनाही हे माहीत झालं. "उस्ताद, मुंग्या कुठवर आल्या?" असं कुणी विचारलं की युसूफभाई बस कुठवर आली ते सांगावं तसं सांगायचे, "कोपर पार कर गये."

घरी रेहानाबीनं तीन वाट्या मांडल्या होत्या. मैदा, रवा, तीळ. डोळे मिटून उजव्या हाताची बोटं बुडवायची आणि ओळखायचं. हे आमच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनीच शिकवलेलं. मेंदूला बोटांची भाषा पुन्हा शिकवावी लागते. युसूफभाई अंगणात बाजेवर डोळे मिटून बसायचे आणि चुकायचे.

"तीळ."

"मैदा है! मैदे कू तीळ बोलरे. गिराईक कू क्या खिलाओगे?"

"तेरे हाथ का तो मैदा बी तीळ जैसा लगता."

मला त्यांनी एकदा वेगळंच सांगितलं. आवाज खाली आणून, कुणी ऐकू नये असं. "म्याडम, नींद में हात चलता. पूरा चलता. भट्टी की आंच लगती, पसीना आता, नान चिपकता, सब बराबर. आंख खुली के खतम." मग, "मेरा हात नींद में रह गया क्या?"

मी टिचकी मारत राहिले.

मनगट चार बोटं राहिलं आणि मुंग्या थांबल्या. एक महिना त्याच जागी, दुसऱ्या महिन्यात त्याच जागी. हिवाळा होता, खुलताबादच्या डोंगरावरून वारा येत होता, आणि तिसऱ्या खेपेलाही टोक हललेलं नव्हतं. भावानं भट्टी स्वतःच्या नावावर मागितली होती, हे रेहानाबीकडून कळलं. तो वाईट नव्हता. भट्टीला उस्ताद लागतो आणि उस्ताद बिनहाताचा चालत नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

"मुंग्या मर गये क्या, म्याडम?" रेहानाबीनं मला दाराबाहेर गाठून विचारलं.

पुन्हा उघडून तंतू बघावा का, ह्यावर मी आणि प्लॅस्टिक सर्जन खूप बोललो. त्याचं मत, थांबू या. मला थांबणं जमत नाही. माझ्या कामात थांबणं म्हणजे हात जाणं. पण ह्यात मी करू शकेन असं काहीच नव्हतं. माझी धमनी छान उडत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला तिचा राग आला.

मग संक्रांत झाली, ऊन जरा तापायला लागलं, आणि एका सकाळी टिचकी मारता मारता मी मनगटाच्या अलीकडं पोचले. युसूफभाईंनी हात झटकन मागं घेतला.

"काय झालं?"

"आ गये," ते म्हणाले. डोळे मिटलेले. "मनगट पे आ गये."

बोटांपर्यंत यायला उन्हाळा आणि पावसाळा गेला. त्या काळात त्यांना मैदा आणि रवा वेगळा कळायला लागला. गरम-गार मात्र कळेना. मी मनात धरून चालले होते की आता एवढ्यावरच थांबणार. पुष्कळांचं थांबतं.

दसऱ्याच्या सुमाराला ते ओपीडीत आले ते हसतच. मागं रेहानाबी, तिचा चेहरा पडलेला.

"म्याडम, कल चाय का गिलास छूट गया हात से," ती म्हणाली. "पूरी चाय सतरंजी पे. और ये आदमी हसरा."

मला वाटलं पकड गेली. तंतू पुन्हा बिघडला. मी त्यांचा हात ओढून घेतला. "मूठ मिटा. सुटला कसा गिलास? जोर कमी झाला का?"

"जोर है," युसूफभाई म्हणाले.

"मग?"

"चटका बैठ्या, म्याडम."

मी कपाटातून दोन परीक्षानळ्या काढल्या, एकीत कोमट पाणी भरलं, एकीत थंड. त्यांना डोळे मिटायला सांगितलं. काळे सिस्टर त्या दिवशी थिएटर सोडून ओपीडीत येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी अंगठ्याला नळी लावली. "गरम." मधल्या बोटाला. "थंडा." तळहाताला. "थंडा... नई, नई, गरम." मी मुद्दाम तीच नळी पुन्हा लावली. "आप मेरेकू फसारे. ये बी गरमच."

रेहानाबीला तेव्हा कळलं.

युसूफभाई आज भट्टीवर बसतात. तर्जनीचं टोक नाही. मूठ पहिल्यासारखी घट्ट होत नाही, थंडीत हात ठणकतो, आणि भरलेलं घमेलं ते डाव्या हातानं उचलतात. उजव्या हाताला ऊन कळतं, गार कळतं. तो भट्टीत जातो, नान लावतो आणि वेळेवर बाहेर येतो.